माका, माशीपत्री आणि गोरखमुंडी : तळ्याकाठच्या स्तबकांची ओळख

सोलापूर परिसरातील पाणथळ जागा बहुतांशी माणसाने निर्माण केलेल्या आहेत. शहरातील सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव, हिप्परग्याचा एकरूख तलाव आणि भीमा नदीवर 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय हे सर्व अवर्षणप्रवण प्रदेशातील साठे असल्यामुळे त्यांची पातळी वर्षभर स्थिर राहत नाही. परतीच्या पावसाने भरलेले पाणी दिवाळीनंतर हळूहळू काठापासून मागे सरते, आणि उघडी पडणारी जी काळी, चिकट जमीन शेतकरी गाळपेरीसाठी वापरतात, तीच सूर्यफूल-कुलातील अनेक लहान रानवनस्पतींना मानवते. या वनस्पती एकाच पट्ट्यात, एकमेकींत मिसळून वाढतात आणि नवख्या अभ्यासकाला त्या एकसारख्या वाटतात. याचे मुख्य कारण असे की पाहणारा आधी पानाकडे पाहतो, आणि पाणथळ जागेत पान हेच सर्वांत कमी भरवशाचे लक्षण असते.

माक्याचा इतिहास याला पुरावा आहे. लिनीअसने 1753 साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्पीशीज प्लॅन्टॅरम’ या ग्रंथात ‘व्हर्बेसिना आल्बा’ आणि ‘व्हर्बेसिना प्रोस्ट्राटा’ अशी दोन नावे स्वतंत्र जाती म्हणून नोंदवली. आज ही दोन्ही नावे एकाच जातीची मानली जातात आणि तिला ‘एक्लिप्टा प्रोस्ट्राटा’ म्हणतात, जरी औषधी ग्रंथांतून ‘एक्लिप्टा आल्बा’ हे जुने नाव अद्याप गेलेले नाही. उथळ पाण्यात उभा असलेला माका लांब कांड्यांचा, रुंद व मऊ पानांचा होतो आणि पेरांशी मुळे सोडतो, तर बांधावरचा माका खुजा, अरुंद व खरखरीत पानांचा राहतो. दोन्ही नमुने शेजारी ठेवले तर ते एकाच जातीचे आहेत यावर सहज विश्वास बसत नाही. पाण्याची पातळी देह बदलते, स्तबकाची रचना मात्र फारशी बदलत नाही.

स्तबक म्हणजे या कुलात ज्याला सामान्यतः ‘फूल’ म्हटले जाते तो अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ होय. त्यातील प्रत्येक फुलाला पुष्पक म्हणतात; कडेची पाकळीसारखी जिभली असलेली ती किरणपुष्पके आणि मध्यभागी दाटलेली नळीच्या आकाराची ती बिंबपुष्पके. गुच्छाला खालून वेढणाऱ्या हिरव्या पानवजा अवयवांचे वर्तुळ हे छदमंडल, आणि बियाण्यासारख्या दिसणाऱ्या एकबीजी शुष्क फळाच्या, म्हणजे कृत्स्नफळाच्या, माथ्यावर केसांचा अथवा खवल्यांचा झुबका असल्यास तो पिच्छसंदल. ओळखीचा निर्णय या अवयवांवर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरेसे असते.

माक्याचे स्तबक जेमतेम नखाएवढे असते. त्याच्या कडेची किरणपुष्पके संख्येने पुष्कळ, अतिशय अरुंद आणि पांढरी असतात; मधली बिंबपुष्पकेही पांढुरकीच असून त्यांना बहुधा चार दाते असतात, आणि फळ खडबडीत, पिच्छसंदल जवळजवळ नसलेले असते. काठाच्या दगडी पिचिंगवर भरपूर वाढणारी एकदांडी, जिला दगडीपाला किंवा कंबरमोडीही म्हणतात, हिचीही पाने समोरासमोर व केसाळ असल्याने आणि फूल पांढुरके असल्याने ती माका समजून उपटली जाते. प्रत्यक्षात ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ ही मूळची मध्य अमेरिकेची वनस्पती कोरड्या जागेची आहे. तिच्या लांब दांड्यावरील एकाकी स्तबकात मोजकीच, रुंद, टोकाला तीन दाते असलेली किरणपुष्पके आणि मध्ये पिवळी बिंबपुष्पके असतात, तर फळाला पिसासारखा पिच्छसंदल असल्यामुळे ते वाऱ्यावर उडते. पिकलेले एकच स्तबक तळहातावर चोळले तरी शंकेला जागा उरत नाही. माक्याचे देठ चुरगळल्यास रस थोड्या वेळात काळपट होतो, ही जुनी परीक्षाही उपयोगी आहे. तेलाच्या आणि काढ्याच्या नावाखाली भलतीच वनस्पती घरात जाणे ही क्षुल्लक बाब नव्हे, म्हणून या भेदाचे महत्त्व वर्गीकरणाच्या पलीकडे जाते.

‘पिवळा माका’ या नावाने आणखी घोळ होतो. हे नाव ‘स्फॅग्नेटिकोला कॅलेन्ड्युलेसिया’ या देशी, सरपटणाऱ्या, ओलाव्याच्या जागी वाढणाऱ्या वनस्पतीचे आहे. परंतु शोभेसाठी लावली जाणारी ‘स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा’ ही अमेरिकन जाती, जिचा समावेश जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत झालेला आहे, तिलाही पिवळा माका समजले जाते. हिच्या पानांना बहुधा तीन खंड असतात. देशी जातीचे पान साधे, लांबट असते. येथे पान उपयोगी पडते, हा वर सांगितलेल्या नियमाचा अपवाद होय.

आता किरणपुष्पके न दिसणाऱ्या वनस्पती. माशीपत्री, म्हणजे ‘ग्रँजिया मॅडरास्पटाना’, आटलेल्या तळात चक्राकार पसरते. तिची पाने एकाआड एक व खाचदार असतात आणि स्तबके पिवळ्या बटणांसारखी घट्ट, गोलसर असतात. फूल येण्यापूर्वी तिचा आणि गाजरगवताचा, म्हणजे पार्थेनियमचा, जमिनीलगतचा पर्णगुच्छ सारखा भासतो, पण गाजरगवताचे पान दोनदा विभागलेले असते आणि फुलल्यावर त्याच्या पांढऱ्या स्तबकाच्या पाच कोपऱ्यांवर पाच इवली किरणपुष्पके स्पष्ट दिसतात. गाजरगवताचा संपर्क त्वचेला बाधतो, त्यामुळे हा फरक हात लावण्यापूर्वीच कळलेला बरा. नाकशिंकणी ही माशीपत्रीहूनही चिमुकली. तिची स्तबके पानांच्या बेचक्यात देठाविना बसलेली असतात आणि चुरगळल्यास शिंका येतात.

गोरखमुंडी, ‘स्फिरँथस इंडिकस’, आणि ‘सीझुलिया ॲक्सिलॅरिस’ यांची रचना या सर्वांत सुंदर आहे, कारण दोहोंत अनेक स्तबके एकत्र येऊन एक संयुक्त स्तबक बनते. गोरखमुंडीचा जांभळट गोल गेंद म्हणजे अशा लहान स्तबकांचा समूह असून तिच्या खोडावर पानांच्या तळापासून उतरणारे दातेरी पंख असतात आणि संपूर्ण झाडाला उग्र सुगंध येतो. सीझुलियाचे गुच्छ खोडाला बिलगून पानांच्या कुशीत बसतात, फुले फिकट गुलाबी किंवा पांढरी असतात, आणि त्यातील प्रत्येक स्तबकात अवघे एकच पुष्पक असते, हे भिंगाखाली पाहिल्याशिवाय पटत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने वर्णन केलेल्या या प्रजातीत एवढी एकच जाती आहे. ती पाण्याच्या अगदी लगत राहते व पावसाळ्याच्या अखेरीस फुलते, तर गोरखमुंडी पाणी हटल्यावर, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत बहरते. त्यामुळे केवळ एकदाच पाहिलेल्या तलावाची यादी अपुरी राहते, आणि ऑक्टोबरातली व फेब्रुवारीतली अशा दोन्ही पाहण्यांत छदमंडलाची खालची बाजू व पिकलेले फळ यांचे छायाचित्र घेतलेले असेल, तरच अशी नोंद दुसऱ्या अभ्यासकाला तपासून पाहता येते.