यादीत नसलेलं काम

लग्नाच्या आदल्या रात्री साडेदहा वाजता माझ्या यादीतल्या ४१ कामांपैकी ३८ कामांवर बरोबरची खूण झालेली होती. उरलेली तीन सकाळचीच होती. शालूच्या पिना कुठल्या डबीत, दक्षिणेची पाकिटं कुणाकडे, आचाऱ्याचे राहिलेले पैसे कुणी द्यायचे, मुंडावळ्या कुठल्या बॅगेत, हे सगळं एका स्प्रेडशीटमध्ये होतं आणि ती घरातल्या सहा जणांच्या फोनवर होती. मावशी म्हणाली, "नवरी आहेस की मॅनेजर?"

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे मोठ्या रिलीजच्या आधी कोड फ्रीझ असतो. म्हणजे ठरलेल्या वेळेनंतर कुणी नवीन काही घालायचं नाही, कितीही छोटं असलं तरी. रात्री घाईत केलेली एक दुरुस्ती सकाळी दोन नव्या चुका घेऊन येते, हे मी स्वतःच्या हातांनी शिकलेय. म्हणून लग्नालाही तोच नियम लावला होता. संध्याकाळी सातनंतर कुणीही काहीही बदलायचं नाही.

यादीवर माझा विश्वास उगाच नव्हता. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी वाचला होता. त्यांनी ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी झालेली कामं लिहिली, काहींनी पुढे करायची. पुढची कामं लिहिणारे लवकर झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर लागली. माझी यादी इतकी नेमकी होती की मी गादीवर पडताक्षणी घोरायला हवं होतं.

पण अकरा वाजले तरी मी जागीच होते. कार्यालयातल्या वरच्या खोलीत ओळीने गाद्या टाकलेल्या. एका बाजूला मावसबहिणी, दुसऱ्या बाजूला झोपेत लाथा मारणारा भाचा. खाली आचारी चिरोटे तळत होते, त्याचा वास जिन्यातून वर येत होता. कूस बदलली की हिरव्या चुड्याची किणकिण व्हायची आणि कुणीतरी झोपेत "गप झोप गं" म्हणायचं. मी मनातल्या मनात पुन्हा यादी वाचली. काहीच राहिलं नव्हतं.

मग संध्याकाळचं सीमांतपूजन आठवलं.

नवऱ्या मुलाकडची मंडळी आली, काकांनी त्याचे पाय धुतले, काकूने औक्षण केलं. फोटोग्राफर म्हणाला, "आता मुलीच्या आईला बोलवा." कुणीतरी सहज सांगितलं, "त्या कोठीत आहेत." फोटोग्राफर समजून गेला आणि त्याने पुढचा फोटो घेतला. मीही पुढच्या फोटोसाठी हसले.

मी अकरावीत असताना बाबा गेले. तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक कार्यात आई कोठीवर असते. नारळ, तांदूळ, साखर, सुपाऱ्या, पानं, तिच्या कमरेला किल्ली. "तिच्याशिवाय कुणाला जमायचं नाही" असं सगळे कौतुकाने म्हणतात. ते खोटंही नाही. पण कोठी बोहल्यापासून सगळ्यात लांब असते, हे त्या कौतुकात कुणी म्हणत नाही. माझ्या यादीतही सातव्या ओळीवर लिहिलेलं होतं: 'कोठी – आई'. ते मीच टाईप केलं होतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. नवरा गेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. हेरवाड आमच्या सांगलीपासून काही फार लांब नाही. मी ती बातमी पुण्यातून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली होती. सगळ्यांनी अंगठे दाखवले, आत्यानेसुद्धा. आईने हात जोडल्याचं चित्र टाकलं. विषय तिथेच संपला.

कन्यादानाला आईने बसावं असं माझ्या मनात होतं. महिनाभर आधी मी गुरुजींना फोनही केला होता. ते म्हणाले, "त्या एकट्या बसल्या तरी माझी हरकत नाही. तुमच्या घरात काय ते ठरवून मला सांगा." घरात ठरवायचं म्हणजे काकांशी बोलायचं. आज बोलू, उद्या बोलू करत दिवस गेले, आणि मग सात वाजून गेले. आता बदल नाहीत, असं मीच सगळ्यांना सांगितलेलं. गादीवर पडल्या पडल्या लक्षात आलं की तो नियम मला फारच सोयीचा पडला होता.

मी खाली गेले.

आई कोठीत पाटावर बसून नारळ वेगळे करत होती. शेंडीचे एकीकडे, सोललेले दुसरीकडे.

"झोपली नाहीस अजून? उद्या डोळे सुजतील."

"आई, उद्या कन्यादानाला तू बैस. मी गुरुजींशी बोललेय, त्यांची हरकत नाही."

तिने हातातला नारळ खाली ठेवला. "कधी बोललीस?"

"झाला एक महिना."

"म्हणजे गुरुजींना विचारून झालं. मला आज सांगतेयस."

मला काही बोलता येईना. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या काका-काकूंनी उद्याचा उपास धरलाय. कन्यादान होईपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाहीत म्हणतात. तुझी चार वर्षांची फी भरताना भाऊजींनी एकदाही मला मागावं लागू दिलं नाही. आता रात्री बारा वाजता जाऊन त्यांना उठा म्हणायचं? मला त्या पाटावर बसायचं नाही. दान हा शब्द मला तसाही आवडत नाही."

मी पुण्याहून एक मोठी सुधारणा करायला आले होते, आणि जिच्यासाठी करायची तिला ती नकोच होती. तेव्हा कुठे खरा प्रश्न सुचला.

"मग तुला काय हवंय?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही. राहिलेले नारळ मोजले, वहीत आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं.

"पाठवणीच्या वेळी तुझी ओटी मी भरणार. सगळ्यांच्या आधी. आणि मंगलाष्टकं चालू असताना मला कुणी कोठीत साखर काढायला बोलवायचं नाही."

ओटी सवाष्णींनी भरायची असते. कन्यादानापेक्षा हे छोटं वाटेल, पण आमच्या घरात ते अवघड होतं. कन्यादानाबद्दल गुरुजींना विचारता येतं. ओटीबद्दल घरातल्या बायकांनाच विचारावं लागतं. मी म्हटलं, "मी काकूशी बोलते." आई म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस. आमचं आम्ही बघतो."

पाच मिनिटांनी काकू सकाळच्या चहाची साखर मागायला आलीच. आईने साखर मोजून दिली आणि त्याच आवाजात म्हणाली, "उद्या हिची ओटी मी भरणार आहे. आधी मी, मग तू."

काकू डबा हातात घेऊन उभीच राहिली. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. "वन्सं बोलतील," ती म्हणाली. वन्सं म्हणजे माझी आत्या.

"बोलू देत."

काकू आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग डबा खाली ठेवून आईशेजारी बसली. "खण कुठला घ्यायचा? मी हिरवा काढून ठेवलाय. तुम्हाला दुसरा हवाय का?"

"हिरवाच असू दे."

इतकंच झालं. कुणी रडलं नाही, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. दोघी जावा ओटीचे तांदूळ निवडायला बसल्या आणि मला वर हाकललं. जिना चढताना मागून त्यांचं सकाळच्या दुधाबद्दल बोलणं ऐकू येत होतं. गादीवर पडले, चुडा वाजला, भाच्याने लाथ मारली. पुढचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांच्या वेळी आई पहिल्या रांगेत उभी होती. कोठीची किल्ली मामेभावाकडे होती आणि त्याने दोनदा साखरेऐवजी मीठ काढून दिलं. कन्यादान काका-काकूंनीच केलं. पाठवणीला आईने मला कुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले. तिचा हात थरथरत होता, निम्मे तांदूळ सतरंजीवर सांडले. आत्या तेव्हा चप्पल शोधायला बाहेर गेली होती. ती अजून त्याबद्दल काही बोललेली नाही, आणि आईशी पूर्वीसारखी बोलतही नाही. ते मिटलं असं मी लिहू शकत नाही.

आता मैत्रिणींची लग्नं जवळ आली की त्या माझी स्प्रेडशीट मागतात. लग्नाची आदली रात्र शांत जावी म्हणून. मी पाठवते, ती खरंच उपयोगी आहे. फक्त तिच्यात आता ४२ ओळी आहेत. सगळ्यात वर एक नवीन ओळ घातलीय: 'आईला काय हवंय ते विचारणे'. मुदतीच्या रकान्यात लिहिलंय: एक महिना आधी.