बोलायला जागा

वर्धा जिल्ह्यात करोनाचा पहिला रुग्ण सापडला मे 2020 मध्ये. टाळेबंदी मात्र 25 मार्चलाच लागली होती. म्हणजे दीडेक महिना आमच्याकडे आजार नव्हता, पण घरं बंद होती. कौटुंबिक समुपदेशनाचं काम करणाऱ्या मला त्या दिवसांत जे फोन यायचे, त्यांत ताप-खोकल्याचं नावही नसायचं. नवरा दिवसभर घरात आहे. दीर पुण्याहून बायकामुलांसह आला आहे. सासू घडीभर एकटीला बसू देत नाही. मुलगा मोबाईल सोडत नाही. भांडणं जुनीच होती. पूर्वी त्यांना दिवसातून काही तास उसंत मिळायची, ती संपली होती.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे आणि या कामात नव्यानं येणाऱ्या मुलींना मी तीच आधी सांगते. नात्यातली गाठ सोडवायची असेल तर प्रथम बोलणाऱ्या माणसाला बोलण्यापुरती जागा मिळवून द्या. पुस्तकात समुपदेशनाची सुरुवात विश्वास संपादण्यापासून होते. आमच्या भागात ती त्याही आधी, कोण कुठे बसून बोलणार इथून होते. (इथे ज्यांच्याविषयी लिहिते आहे ती माणसं कुणाला ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.)

महामारीच्या आधी देवळी, सेलू, समुद्रपूरकडच्या बाया आमच्या केंद्रात यायच्या त्या बहुतेक एस.टी.नं. घरी सांगून यायच्या, बाजाराला जाते, बँकेत काम आहे. तो बसमधला वेळ त्यांचा स्वतःचा असे. काय सांगायचं, काय राखून ठेवायचं, हे खिडकीशी बसून ठरायचं. परतीच्या वाटेवर रडून व्हायचं, डोळे पुसून व्हायचे, आणि गावाच्या फाट्यावर उतरेपर्यंत चेहरा पूर्ववत व्हायचा. आमच्या कामाचा केवढा तरी भाग एस.टी. करत होती, हे बस बंद पडल्यावर कळलं.

मग उरला फोन. तो बहुतेक घरांत एकच, आणि नवऱ्याचा. जूनपासून मुलांचे वर्ग त्याच फोनवर सुरू झाले. राष्ट्रीय महिला आयोगानं एप्रिल 2020 मध्ये तक्रारींसाठी व्हॉट्सअॅप क्रमांक सुरू केला. पाऊल योग्यच होतं. पण जिचा मोबाईल रोज तपासला जातो तिनं त्यावर लिहायचं कसं? म्हणून आम्ही बोलण्याची रीतच बदलली. पहिला प्रश्न "कशा आहात" हा राहिला नाही. "आत्ता बोलता येईल का? जवळ कोणी आहे का?" असं विचारायचं आणि पुढचे प्रश्न असे ठेवायचे की तिला फक्त हो किंवा नाही म्हणावं लागेल. मध्येच कोणी आलं तर "रेशनचं उद्या सांगते" म्हणून फोन ठेवायचा, आणि पुन्हा तिनंच करायचा. आम्ही उलट फोन कधीच करायचा नाही.

वेळाही तिच्या कामावरून ठरल्या. एप्रिल-मेच्या भर दुपारी गच्चीवर वाळवणं राखायला ती एकटी असते. वर्ध्याच्या त्या उन्हात दुसरं कोणी वर फिरकत नाही. पुढे पेरण्या झाल्यावर निंदणाच्या दिवसांत वावरातून, दिवाळीच्या आसपास कापूस वेचताना धुऱ्यावरून फोन येऊ लागले. चेहरा दिसत नसला की कान तयार होतात. कुकरची शिटी, टीव्हीचा आवाज अचानक वाढणं, वाक्याच्या मध्यावर तिचा सूर एकदम गोड होणं, या सगळ्याचा अर्थ लावावा लागे. सूर गोड झाला की समजायचं, दारात कोणीतरी उभं आहे.

जागेचा प्रश्न किती खरा होता ते कापसानं दाखवलं. टाळेबंदीत कापूस खरेदी थांबली, पुन्हा सुरू झाली ती रखडत, आणि पाऊस तोंडावर आला तरी कित्येक शेतकऱ्यांचा माल घरातच होता. घरकुलाच्या दोन खोल्या, त्यातली एक छतापर्यंत कापसानं भरलेली. फार दिवस साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवत राहतात. "मॅडम, कापूस पलंगावर झोपते अन् आमी खाली," असं एक बाई म्हणाल्या होत्या. त्यांची तक्रार नवऱ्याच्या चिडचिडीची होती. त्या नवऱ्याशीही मी बोलले. विकला न गेलेला माल सकाळी डोळे उघडताच समोर दिसतो, त्यावरचं कर्ज आठवतं, आणि उठून बाहेर जावं तर चौकात पोलीस. अशा माणसाला "राग आवरा" म्हणून सांगणं मला निरर्थक वाटतं. आम्ही तिघांनी मिळून इतकंच ठरवलं की पहाटे त्यानं वावरात जायचं, दुपारी जेवण झाल्यावर तिनं शेजारच्या जावेकडे तासभर बसायचं, आणि त्या तासात तिला कुणी हाक मारायची नाही. पैशाचा प्रश्न यातून सुटला नाही. मारहाणीपर्यंत आलेलं भांडण मात्र थांबलं.

जिथे मारहाण आधीपासून होती तिथे असल्या तडजोडीला मी हात लावत नाही. तिथे काम सुरक्षिततेचं. रात्री कुणाकडे जाता येईल, आधार कार्ड आणि बँकेचं पुस्तक कुठे ठेवलं आहे, गावात भरवशाचं कोण आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, पोलिसांकडचा महिला कक्ष, सखी केंद्र ही सगळी दारं होती. पण बस नसलेल्या जिल्ह्यात ती लांबच पडत. तेव्हा दोन टोकं जोडून धरली आशा ताईंनी. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि ऑक्सिमीटर घेऊन त्या घरोघर फिरू लागल्या. ताप मोजायला आलेल्या बाईला कोणी अडवत नसे. कितीतरी जणींनी आपलं म्हणणं त्यांच्या कानात सांगितलं, कितीतरी जणी त्यांच्याच फोनवरून आमच्याशी बोलल्या. त्या कामाचं मोल त्यांच्या मानधनात कधीच उतरलं नाही, हे मला फार लागतं.

दारूचं वेगळं सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे, आणि तरी दारू कशी मिळते हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. रस्ते बंद झाल्यावर काही काळ ती वाट आटली. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी सुटली की पहिल्या दिवसातच हात थरथरतात, झोप उडते. दुसऱ्या दिवशी झटके येऊ शकतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास व्हायला लागतात. यात जीवही जातो. अशा घरातून फोन आला की समुपदेशन बाजूला ठेवून आधी त्याला दवाखान्यात न्यायला सांगायचं, आणि नेलं की नाही याचा पाठपुरावा करायचा.

यातून जे सुखरूप निघाले त्यांच्या घरी मला अपेक्षा नव्हती असं काहीतरी सुरू झालं. बाप शुद्धीवर आला आणि घरात अवघडलेपण आलं. वर्षानुवर्षं आईनं आणि थोरल्या मुलानं मिळून घर चालवलेलं. आता बाप हिशेब विचारू लागला, मुलाला सल्ला देऊ लागला, जेवताना मध्ये बसू लागला. "पेत होता तवा बरा होता म्हणाचं का आता?" असं एक आई अतिशय दुःखानं म्हणाली. तिला मी सांगितलं की दारू सुटणं ही एका माणसाची गोष्ट नसते. तो प्यायचा तेव्हा घरातल्या प्रत्येकानं आपली एक जागा धरलेली असते आणि तो सुधारला की सगळ्यांनाच सरकून बसावं लागतं. त्याला वेळ लागतो. त्या घरात बापाला पहिलं काम मिळालं ते बैलांचं, कारण ते कोणाकडून हिसकावून घ्यावं लागत नव्हतं.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे 2006 साली पंतप्रधानांचं पॅकेज विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी आलं त्यात वर्धा होता. त्यामुळे घरच्या भांडणामागे आणखी काही आहे का, हे आम्हाला दर वेळी तपासावं लागतं. सरळ विचारायचं: "मरणाचे विचार येतात का?" विचारल्यानं विचार येत नाही. कित्येकांना उलट सुटल्यासारखं वाटतं, की कोणीतरी विचारलं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची, आणि फवारणीच्या औषधाचे डबे घराबाहेर कुलपात ठेवून किल्ली शेजाऱ्याकडे द्यायची. विषाची बाटली हाताशी नसली की घातक क्षण टळू शकतो. शासनाच्या प्रेरणा प्रकल्पात शेतकऱ्यांसाठी 104 क्रमांकावर समुपदेशन होतं. टाळेबंदीत तो क्रमांक आम्ही पुन्हा पुन्हा सांगितला.

फेब्रुवारी 2021 मध्ये दुसरी लाट विदर्भातूनच उठली. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय भरून गेलं आणि नातेवाईक फाटकाबाहेर झाडाखाली बसले. घरात विलगीकरण म्हणजे कित्येकांनी टाकून देणं असंच समजून घेतलं होतं. ताट दाराशी सरकवायचं आणि पळायचं. त्या वेळी मला सेवाग्राम आश्रमातली परचुरे कुटी फार आठवे. संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग होता. ते 1939 मध्ये आश्रमात आले तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी झोपडी बांधली गेली, गांधीजींच्या कुटीपासून हाकेच्या अंतरावर, आणि गांधीजी रोज तिथे जाऊन स्वतः त्यांची शुश्रूषा करत. झोपडी वेगळी, येणं-जाणं रोजचं. करोनात स्पर्श शक्य नव्हता, पण ठरलेल्या वेळी खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसता येत होतं. मी घरोघरी हेच सांगत राहिले: अर्धा तास बसा, मास्क लावून बसा, वावरातलं सांगा, गाय व्याली ते सांगा. आजारी माणसाला आपण अजून घरातच आहोत हे कळू द्या.

जे गेले त्यांच्या घरी दुःखाला वाट मिळाली नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह, चार अनोळखी माणसं, तेरवीला कोणी नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक मृत्यूमागे 50,000 रुपयांच्या सानुग्रह मदतीला मान्यता दिली, आणि काही घरांत त्या पैशावरून सासू-सून समोरासमोर उभ्या राहिल्या. वरवर लोभ दिसतो. जवळून ऐकलं की कळतं, आई म्हणते माझा मुलगा गेला, बायको म्हणते माझा नवरा गेला, आणि दोघींच्या दुःखाला कागदावर एकच रकाना आहे. अशा वेळी मी पैशाचं बोलणं पुढच्या खेपेवर ठेवते. आधी एकेकीला वेगळं बसवून त्या माणसाबद्दल बोलू देते. नंतर दोघी एकत्र बसल्या की बहुधा आवाज खाली आलेला असतो. बहुधा, नेहमी नाही. काही घरं कायमची फुटली आणि सुनेला तिचा हक्क मिळवून देण्यासाठी आम्हाला तिच्या बाजूनं उभं राहावं लागलं.

आता मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो जरूर लिहून ठेवा. पण फोन लावायला जागा लागते. जिल्ह्यात ठिकठिकाणी ग्रामपंचायतींच्या नव्या इमारती उभ्या राहताहेत, त्यांत सभागृह असतं, सरपंचांची खोली असते. सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि ग्रामसभेत हात वर करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: आराखडा मंजूर करताना त्यात आठ बाय आठची एक खोली मागून घ्या, आतून कडी लागेल अशी. दोन खुर्च्या आणि एक फोन, बाकी काही नको. आणि तिची किल्ली आशा ताईंकडे द्या.