उमेदवारीचे मोल

आमच्या गावच्या देवळामागे आमच्या घराण्याचे एक लहानसे कुळागर आहे. डोंगरातून उतरणारा पाट, चार ओळी पोफळी, त्यांवर चढलेले मिरीचे वेल, कडेने केळी आणि बांधावर माड, एवढाच त्याचा विस्तार. वडिलांच्या मागे ते माझे आणि धाकट्या बहिणीचे समाईक झाले. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे लेकीचा वाटा लेकाइतकाच असतो, आणि वाटणी न झालेली मिळकत गहाण टाकायची तर दोघांची सही लागते. गेल्या श्रावणात बहीण असाच एक कागद घेऊन आली, ओसरीवर टेकली आणि म्हणाली, “दादा, तूं सही करतलो न्हय?”

कागद बँकेचा होता. कर्जाची रक्कम 50 लाख. ज्याच्यासाठी ते काढायचे तो भाचा तिच्या मागे उंबऱ्यापाशी उभा होता, आणि माझ्याकडे न पाहता अंगणातल्या तुळशीकडे पाहत होता.

त्याची हकीगत थोडक्यात सांगतो. मुलाने व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविलेला आहे. आपल्या देशात त्यासाठी किमान 200 तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी 100 तास विमानाचा मुख्य जबाबदार म्हणून उडवावे लागतात. एवढ्यासाठी मेव्हण्यांची भविष्यनिर्वाहाची पुंजी गेली आणि बहिणीच्या हातांतले पाटल्यांचे जोड गेले. परवाना आला, त्याला चौकट करून देव्हाऱ्याशेजारी टांगला. आणि मुलगा दीड वर्ष घरी बसला. कारण हे 200 तास लहानशा, एका इंजिनाच्या विमानावरचे. दीडशे-पावणेदोनशे उतारूंच्या जेट विमानाची गोष्ट वेगळी. त्यासाठी त्या-त्या जातीच्या विमानाचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते, त्याची परीक्षा द्यावी लागते. त्याला त्या व्यवसायात टाइप रेटिंग म्हणतात. तेही पदरात पडले तरी पुष्कळ कंपन्या विचारतात, की मोठ्या विमानावरचे तुझे तास किती? तासांवाचून नोकरी नाही आणि नोकरीवाचून तास नाहीत. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नये, असा हा उपदेश.

या कोंडीतून वाट दाखविणारा एक मध्यस्थ त्यांना भेटला होता. परदेशातील एक कंपनी मुलाला जेट विमानाचे शिक्षण देईल आणि नंतर 500 तास उजव्या हाताच्या खुर्चीवर, म्हणजे सहवैमानिकाच्या जागी, बसवील. विमाने नेहमीचीच, उतारूंनी भरलेली. या दोन्हींचे मिळून पैसे मुलाने भरायचे. त्या काळात पगार नाही, आणि तास पुरे झाल्यावर नोकरीचे वचनही नाही.

मी कागद वाचला, घडी घातली आणि चार दिवसांची मुदत मागून घेतली. ते चार दिवस मला फार जड गेले. मी निवृत्त शिक्षक. महिन्याच्या महिन्याला मला पेन्शन येते. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने उपाशी माणसाला तत्त्व सांगावे, यासारखी ओशाळवाणी गोष्ट नाही.

आपल्याकडे या कोंडीवर जुना तोडगा होता. त्याचे नाव उमेदवारी. माझ्या लहानपणी देवळाच्या चौघड्यावर सनई वाजविणारे एक वृद्ध होते. त्यांच्या मागे एक पोरगा बसे. पहिली काही वर्षे त्याच्या वाट्याला नुसता सूर धरणे आले. नगाऱ्याचे कातडे शेकणे, पालखीच्या रात्री सामान वाहणे, पहाटे म्हाताऱ्याला उठविणे हीही कामे त्याचीच. पगार त्याला नव्हता; पण प्रसादाचे पान होते, जत्रेला धोतरजोडी होती, आणि मुख्य म्हणजे शिकविण्याबद्दल त्याच्या बापाकडून कोणी पैसा मागितला नव्हता. उमेदवारी ही सुखाची गोष्ट नव्हे. तीत पिळवणूक असे, कधी मारही असे. तथापि, उमेदवाराचे श्रम हेच त्याच्या शिक्षणाचे मोल, हा हिशेब दोन्ही पक्षांना मान्य होता. श्रमही दे आणि वर पैसेही दे, असे म्हणण्याचे धाडस कोणत्याही उस्तादाला झाले नाही.

आपले धर्मशास्त्र तर याहून कडक. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणाला बोलावू नये याची लांबलचक यादी आहे. तीत भृतकाध्यापक आणि भृतकाध्यापित ही दोन नावे शेजारीशेजारी येतात: वेतन ठरवून शिकविणारा, आणि अशा वेतनिकापाशी शिकलेला. शिष्याने विद्या पुरी होण्यापूर्वी गुरूला काही देऊ नये, समावर्तनाच्या वेळी यथाशक्ती द्यावे, असेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. हे मी माझ्या समर्थनासाठी लिहीत नाही. कारण या न्यायाने चौतीस वर्षे पगार घेऊन शिकविणारा मी स्वतःच श्राद्धाच्या पंक्तीतून उठलो पाहिजे! काळ बदलला. शाळेला फी द्यावी लागते. विमान फुकट उडत नाही, आणि शिकविणाऱ्यालाही घरदार असते. उड्डाण शिकविणाऱ्या शाळेला भाच्याने पैसे दिले यात मला काही वावगे दिसत नाही. टाइप रेटिंगची फीही मी एक वेळ समजू शकतो. तिथले बहुतेक शिक्षण जमिनीवरच्या नकली विमानात होते. मागे उतारू बसलेला नसतो आणि शिकविणारा कोणाला तिकीट विकीत नसतो.

मला अडखळविले ते त्या 500 तासांनी. अशा विमानाला कायद्याने दोन वैमानिक लागतात. उजव्या बाजूचा माणूस तिथे देखावा पाहायला बसत नाही. तो विमान चढवितो, उतरवितो, यंत्रे वाचतो, वरिष्ठाची चूक झाली तर ती त्याच्या तोंडावर सांगतो. ती खुर्ची रिकामी ठेवून कंपनीला विमान जमिनीवरून हलविता येत नाही. म्हणजे कंपनीला त्या माणसाची गरज आहे. त्याच्या कामावर ती तिकिटे विकते. आणि ज्या कामाचा पगार द्यावयाचा त्याच कामाची ती फी घेते. शाळेत फी देणारा विद्यार्थी असतो आणि कामावर पगार घेणारा नोकर असतो. कामही करायचे आणि त्यासाठी धन्याला पैसेही मोजायचे, या माणसाला काय म्हणावे, त्याला शब्द मला मराठीत सापडला नाही आणि कोकणीतही सापडला नाही.

आमच्या देवस्थानातील एका महाजन मित्राने यावर मला चांगले पेचात धरले. तो म्हणाला, “आपण देवळात काय करतो? सेवा करण्यासाठी पैसे भरतोच ना? पावणीत देवाला आलेला नारळ चढी बोली बोलून घेतो. तिथे कुठे आपल्याला पगार मिळतो?” प्रश्न खरा होता. मी रात्रभर त्याचा विचार केला. सेवेसाठी पैसे भरणारा भक्त त्या सेवेवर पोट भरीत नाही, आणि देवस्थानही त्याच्या सेवेचा माल करून दुसऱ्याला विकीत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. रथाची दोरी कोणीही ओढावी. म्हातारा ओढतो, पोर ओढते. परंतु उतारावर रथाच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सारण्याचे काम आपण बोली बोलणाऱ्याला देत नाही. ते काम ज्याचा हात बसला आहे त्यालाच देतो, कारण रथापुढे माणसे असतात.

विमानातही माणसे असतात, हा या प्रश्नाचा गाभा आहे. जो पैसे भरून बसला आहे त्याला ‘तू अजून कच्चा आहेस, घरी जा’ असे म्हणणे कंपनीला जड जाते. तो गिऱ्हाईक आहे. आणि त्यालाही ‘आज मी थकलो आहे’ असे म्हणणे जड जाते. भरलेला एकेक तास त्याला सोन्याच्या भावाने पडला आहे. युरोपातील वैमानिकांच्या संघटनांनी या प्रथेविरुद्ध आवाज उठविला आहे, त्यात ही धास्ती आहेच.

याचा अर्थ तासांचा आकडा वाढला म्हणजे सगळे साधते, असाही नव्हे. 12 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक विमान पडले. विमानातील 49 आणि जमिनीवरचा 1 अशी 50 माणसे गेली. मुख्य वैमानिकाने पूर्वी फ्लोरिडातील अशाच एका पैसे भरून तास देणाऱ्या योजनेत शिक्षण घेतले होते, हे तेव्हा पुष्कळ चर्चिले गेले. पण चौकशीचा निष्कर्ष तो नव्हता. विमानाचा वेग घटल्याची सूचना मिळाल्यावर मुख्य वैमानिकाने उलटी क्रिया केली, असे अहवालाने सांगितले. थकवा आणि तुटपुंजे पगार यांचीही त्या निमित्ताने वाच्यता झाली. पुढे 2010 साली कायदा झाला आणि 2013 पासून तेथे सहवैमानिकालाही सामान्यतः 1500 तासांची अट आली. मौज ही, की त्या दुर्दैवी विमानातील दोघांचेही तास 1500 पेक्षा जास्त होते! तथापि त्या अटीमुळे एक घडते: तेथील पुष्कळ तरुण आधी उड्डाणाचे शिक्षक होतात. नवख्यांना शिकविता शिकविता, थोडा का होईना पगार घेऊन, आपले तास वाढवितात. ही मला आपल्या सनईवाल्याच्या पोराची जातकुळी वाटली.

चौथ्या दिवशी मी भाच्याला पाटावर घेऊन गेलो आणि हे सारे सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “मामा, तुम्ही म्हणता ते खरे. पण मी नाही भरले तर दुसरा भरील. खुर्ची रिकामी राहणार नाही. फक्त मी तिच्यात नसेन.” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. मी एवढेच म्हणालो, की ज्याच्यापाशी कुळागर नाही असा तुझ्याहून चांगला एखादा मुलगाही त्या खुर्चीत नसेल. तो हसला नाही.

बहिणीने तोवर देवाला प्रसाद लावला होता. पाकळी उजवीकडून पडली होती, आणि त्या जोरावरच ती पुन्हा कागद घेऊन आली. मी विचारले, “तू देवाला काय विचारलेस?” ती म्हणाली, “पोराला आकाशात जागा मिळेल ना, एवढेच.” मी म्हणालो, “मग देवाने त्याचेच उत्तर दिले, बाय. पैसे कोणी कोणाला द्यायचे, हे तू त्याला विचारलेच नाहीस.”

त्या कागदावर मी सही केली नाही. उड्डाणशिक्षकाच्या अभ्यासक्रमासाठी जी रक्कम लागली ती माझ्या ठेवीतून दिली. बहीण दीड महिना माझ्याशी नीट बोलली नाही, आणि तिचे चुकले असे मला म्हणवत नाही. ती परदेशातील खुर्ची पंधरवड्यात भरली, असे त्या मध्यस्थानेच कळविले.

भाचा आता एका उड्डाणशाळेत साहाय्यक शिक्षक आहे. तास हळूहळू वाढताहेत. जेट विमान अजून दूर आहे, आणि ते मिळेलच असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. गेल्या पालखीच्या सोमवारी त्याचा पहिला पगार आला. बहिणीने आकडा पाहिला आणि तोंड वाकडे करून म्हणाली, “माडावर चढणारा पाडेलीसुद्धा महिन्याला याहून जास्त नेतो.” मी काही बोललो नाही. तिने त्यातले अकरा रुपये काढून देवापुढे ठेवले, आणि उरलेले मोजून पुन्हा पाकिटात घातले.