गुडघेरोपणानंतरची गोधडी

गुडघेरोपण म्हणजे गुडघ्याच्या सांध्यातले झिजलेले पृष्ठभाग काढून त्यांच्या जागी धातूचे आणि प्लास्टिकचे पृष्ठभाग बसवण्याची शस्त्रक्रिया. जालना जिल्ह्यात तिला सर्रास ‘वाटी बदलणे’ म्हणतात आणि ‘वाटी घासली’ हे तिचे कारण सांगतात. प्रत्यक्षात वाटी, म्हणजे गुडघ्याच्या पुढचे छोटे हाड, जागेवरच राहते. फार तर तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची चकती चिकटवतात. बदल होतो तो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकात आणि नडगीच्या वरच्या टोकात. खराब झालेल्या कूर्चेसकट हाडाचा काही मिलिमीटरचा थर कापून काढला जातो. मांडीच्या हाडावर कोबाल्ट-क्रोमची टोपी बसते, नडगीवर धातूची तबकडी बसते आणि दोहोंच्या मधे पॉलिथिलीनची गादी असते. ही गादी कूर्चेचे काम करते.

भोकरदनला राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेच्या उजव्या गुडघ्यावर ही शस्त्रक्रिया वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मार्च महिन्यात झाली. लेखिकेला चाळीस वर्षांपासून हाताने गोधड्या शिवण्याचा छंद आहे. गोधडी जमिनीवर बसून शिवतात, आणि शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्णांना मनाई होते ती नेमकी जमिनीवर बसण्याची. या अनुभवात गुडघा आणि गोधडी वेगळे काढता येत नाहीत, म्हणून येथे दोन्हींची माहिती एकत्र दिली आहे.

कृत्रिम गुडघ्याची कल्पना जुनी आहे. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदाने १८९० साली हस्तिदंताचा, बिजागरीसारखा गुडघा बसवून पाहिला होता. क्षयाने सडलेल्या सांध्यात तो बसवल्यामुळे संसर्ग होऊन तो टिकला नाही. भोकरदनच्या वाचकाला या तपशिलापाशी थांबावेसे वाटेल. सातवाहनकाळात ‘भोगवर्धन’ म्हणून नावाजलेले हे केळना नदीकाठचे गाव. येथे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून केलेल्या उत्खननात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती मिळाली, आणि इटलीत पाँपेई येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. हाताच्या कारागिरीचे हे गाव आहे, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

आजच्या रोपणाचा पाया १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी या रुग्णालयात घातला गेला. जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि मूळचे भारतीय असलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांचा त्यात वाटा होता. याच राणावतांनी ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. लेखिकेच्या घरात या शस्त्रक्रियेचे नाव पहिल्यांदा ऐकले गेले ते तेव्हाच्या बातम्यांतून. तेव्हा ती पंतप्रधानांची शस्त्रक्रिया होती. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोम संचाची कमाल किंमत, जीएसटी वगळून, ५४,७२० रुपये ठरवली. निवृत्त शिक्षकाच्या घराला हा खर्च झेपण्याजोगा झाला तो त्या निर्णयानंतर.

आता गोधडीविषयी. मराठवाड्यात गोधडी शिवण्याचे दिवस म्हणजे रब्बीची ज्वारी घरात आल्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंतचे, विशेषतः चैत्र आणि वैशाख. वर्षभर साठवलेली जुनी लुगडी, धोतरे, चादरी यांचे गाठोडे माळ्यावरून खाली येते. कापड धुऊन, फाटका भाग काढून त्याचे धडपे करतात. तळाला धड राहिलेले मोठे कापड, मधे तीन-चार थर बारीकसारीक तुकड्यांचे आणि वर दिसायला बरे असलेले कापड, असा क्रम लागतो. सुती लुगड्यात सुई सहज जाते. सिंथेटिक साडीत ती अडते आणि थर एकमेकांवरून घसरतात. म्हणून जाणत्या बायका सिंथेटिक कापड वरच्या थरापुरतेच घेतात.

थर लावून झाले की वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालून ते पकडतात आणि मग कडेपासून आत आत धावदोरा घालत जातात. एका वेळी सुईवर चार-पाच टाके घेऊन दोरा ओढायचा, ही रीत. यात एक गोष्ट बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. शिवणारी बाई गोधडीवरच बसलेली असते. एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघा उभा, अशी तिची बैठक असते. तिच्या अंगाच्या भारानेच थर ताणलेले राहतात आणि ओळ पुढे गेली की ती बसल्या बसल्या सरकते. भरतकामाला जी चौकट लागते, तिचे काम येथे शिवणारीचे शरीर करते. दोन बायका समोरासमोर बसल्या तर ताण दोन्हीकडून मिळतो, काम लवकर उरकते आणि गोधडीला झोळ येत नाही. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. तरीही घरोघरच्या या बैठकीला कला म्हणून जेवढा मान मिळायला हवा तेवढा अजून मिळालेला नाही, असे लेखिकेचे मत आहे.

जमिनीवर बसून काम केल्यानेच गुडघे झिजतात, असा सरसकट निष्कर्ष काढू नये. वय, वजन, आनुवंशिकता, जुनी दुखापत ही कारणे असतात, आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये झिजेचे प्रमाण वाढते. सतत उकिडवे आणि गुडघ्यांवर बसावे लागणाऱ्या कामांचा मात्र गुडघ्यांवर भार पडतो, हेही खरे आहे.

बैठकीचा प्रश्न अंशांत मांडला की स्पष्ट होतो. सपाट जमिनीवर चालताना गुडघा ६० ते ७० अंश वाकतो. जिना चढता-उतरताना आणि खुर्चीतून उठताना तो साधारण ९० ते १०० अंश वाकावा लागतो. मांडी घालायला आणि उकिडवे बसायला बहुतेकांना १३० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाक लागतो. गुडघेरोपणानंतर चांगला व्यायाम केलेल्या रुग्णाला ११० ते १२० अंश मिळतात. म्हणजे चालणे, जिना, खुर्ची हे सगळे हिशेबात बसते. गोधडीची बैठक तेवढी बाहेर राहते. जास्त वाकणारे संच बाजारात आहेत आणि काही शल्यविशारद निवडक रुग्णांना मांडी घालू देतात. परंतु खोल वाकलेल्या गुडघ्यात प्लास्टिकच्या गादीच्या मागच्या कडेवर दाब एकवटतो, म्हणून बहुतेक ठिकाणी ‘खाली बसू नका’ हाच सल्ला मिळतो.

शस्त्रक्रियेपूर्वी लेखिकेला विचारले गेले ते असे: घरात कमोड आहे का, जिने किती, मधुमेह आहे का, सोबत कोण राहील. आवडते काम कोणते आणि ते कसे बसून करता, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि लेखिकेनेही आपण होऊन सांगितले नाही. तीन आठवड्यांत पुन्हा गोधडीवर बसता येईल असा तिचा समज होता. सासूबाईंच्या चार सुती इरकली लुगड्यांचे थर लावून, कच्चे टाके घालून ती गोधडी तिने रुग्णालयात जाण्यापूर्वी गुंडाळून ठेवली होती.

पहिल्या पंधरवड्याचा क्रम ठरलेला असतो. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून घोट्यापासून पाऊल वरखाली हलवत राहायचे आणि रक्त पातळ ठेवणारे औषध घ्यायचे. मांडीचा स्नायू आवळून धरणे, टाच गादीवरून घसरवत गुडघा वाकवणे, पाय सरळ ठेवून उचलणे हे तीन व्यायाम दिवसातून अनेकदा. टाच घसरवताना खाली जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा घातला की पाय सहज सरकतो. गोधडीत जे कापड त्रासाचे, ते येथे कामाला आले. बर्फाची पिशवी दिवसातून चार-पाचदा. जखमेवरच्या पिना चौदाव्या दिवशी काढल्या, तेव्हा गुडघा ८५ अंश वाकत होता.

घरच्यांच्या मायेतून होणारी एक चूक येथे नोंदवली पाहिजे. दुखऱ्या गुडघ्याखाली मऊ घडी सरकवली की आराम वाटतो. लेखिकेच्या घरीही पहिल्याच रात्री दुपट्याची घडी गुडघ्याखाली आली. फिजिओथेरपिस्टने दुसऱ्या दिवशी ती काढायला लावली. गुडघा तसा वाकलेल्या अवस्थेत राहिला की पुढे तो पूर्ण सरळ होत नाही आणि चाल लंगडी राहते. घडी ठेवायची ती टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्याच वजनाने सरळ होत जातो. त्यानंतर सहा आठवडे लेखिकेनेच शिवलेले एक दुपटे रोज टाचेखाली राहिले.

सर्वांत कठीण होता तो तिसरा आणि चौथा आठवडा. वेदना उतरल्या होत्या, पण रात्री सलग झोप लागत नव्हती आणि दुपार संपता संपत नव्हती. हात मोकळे होते आणि ते शिवशिवत होते. खुर्चीत बसून शिवता येईल ही अपेक्षाही फोल ठरली, कारण अर्धा तास पाय खाली सोडला की घोट्यापर्यंत सूज येई, आणि वेदनाशामक गोळ्यांमुळे ओळीवर लक्ष टिकत नसे. अंगणात चैत्र लागला होता, शेजारच्या ओसरीवर गोधडी पसरली होती आणि बायकांचे बोलणे खिडकीतून ऐकू येत होते. रडू आले ते गुडघा दुखत होता म्हणून नव्हे, त्या आवाजांनी. हे लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण रुग्णालयातून मिळणाऱ्या सूचनांच्या कागदावर या दुखण्याला जागा नसते, आणि ज्या बाईला ते होते तिला आपलेच काही चुकते आहे असे वाटत राहते.

पाचव्या आठवड्यात धाकटी जाऊ इरकलची ती गोधडी घेऊन खोलीत आली आणि जमिनीवर पसरून बसली. “बाई, तुम्ही नुसतं ओवून द्या, टाका मी घालते,” ती म्हणाली. त्या दुपारपासून लेखिका खुर्चीत बसून सुयांत दोरे ओवत गेली, एका वेळी सहा-सात सुया. खालून टाके पडत होते आणि वरून ओळ वाकडी गेली तर सांगता येत होते. काम हाती आले त्या दिवसापासून व्यायामाचे तासही जड वाटेनासे झाले.

सुईकाम करणाऱ्या रुग्णाने काही खबरदारी घ्यावी लागते आणि ती फारशी सांगितली जात नाही. जखमेच्या बाहेरच्या अंगाला त्वचेचा एक पट्टा बधिर होतो, कारण छेद घेताना त्वचेकडे जाणारे बारीक मज्जातंतू तुटतात. हा बधिरपणा महिनोन्‌महिने राहतो, काहींचा कायमचा. मांडीवर काम घेतले असता तेथे सुई टोचली तरी कळत नाही. म्हणून मांडीवर सुई मोकळी सोडू नये. ती लगेच टाचणीच्या उशीत खोवावी. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेपर्यंत बोटाला टोचले तरी रक्त लवकर थांबत नाही, तेव्हा अंगुस्तान वापरावे. आणि टोचलेले बोट पिकले तर घरगुती उपायांवर दिवस काढू नयेत. शरीरात कोठेही झालेला जंतुसंसर्ग रक्तातून कृत्रिम सांध्यापर्यंत पोचू शकतो आणि तेथे बसला की निघणे फार अवघड असते.

तीन महिन्यांनी गुडघा ११५ अंश वाकू लागला. सूज संध्याकाळपुरती उरली, चालताना आतून होणारा टक्-टक् आवाज सवयीचा झाला. आता गोधडी जमिनीवरून उचलून वर आणायची होती. जेवणाच्या टेबलावर ती पसरली तेव्हा पहिली अडचण लगेच दिसली: अंगाचा भार नाही, म्हणून थर सरकतात, आणि टेबलाबाहेर लोंबणारा भाग सगळे कापड आपल्याकडे ओढतो. उपाय तीन झाले. कच्चे टाके वितीऐवजी चार-चार बोटांवर घातले. लोंबणारा भाग गुंडाळून दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. चारी बाजूंना धान्य मोजायच्या तराजूची जुनी लोखंडी वजने ठेवली. अंगाच्या भाराचे काम त्यांनी केले. पायाखाली लाकडी पाट, पंचवीस मिनिटे शिवण, मग घरातल्या घरात दहा मिनिटे चालणे, हे प्रमाण पाळले की गुडघा आखडत नाही. सुरुवात मोठ्या गोधडीने न करता तान्ह्या बाळाच्या दुपट्याने करावी. ते टेबलावर पूर्ण मावते.

टेबलावरची गोधडी जमिनीवरच्या गोधडीसारखी होत नाही. टाके सरळ आणि घट्ट पडतात, पण वर बसून शिवताना थर जसे एकमेकांत मुरतात तसे मुरत नाहीत. गोधडी थोडी ताठ राहते आणि दोन-तीन धुण्यांनंतर मऊ होते. हा फरक लेखिकेने स्वीकारला आहे. चांगल्या प्रकारे बसवलेला गुडघा दीर्घकाळ टिकतो. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार पूर्ण गुडघेरोपणांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षे टिकतात. जमिनीवरच्या बैठकीसाठी तो धोक्यात घालावा असे लेखिकेला वाटत नाही.

ज्यांची शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे त्या बायांना विनंती अशी की, आपले आवडीचे काम आपण कसे बसून करतो ते डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला आधीच सांगा, जमल्यास बैठकीचा फोटो दाखवा. आणि तारखेच्या महिनाभर आधी ते काम एकदा टेबलावर करून पाहा.