भादव्याचे हात

नाटकाच्या वेडापायी माणूस काय काय करतो, हे बेळगावकराला सांगायला नको. ‘संशयकल्लोळ’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल इथल्याच शाळेत शिकले आणि अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासात नाटकाकडे वळले. मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनातून मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्गे आलेली ती कथा देवलांनी अशी काही मराठी केली की मूळ कुणाला आठवूच नये. १९१६ साली तिचे संगीत नाटक रंगभूमीवर आले. त्यानंतर साठ वर्षांनी, १९७६ साली, आमच्या कचेरीतल्या हौशी मंडळींनी ते बसवायला घेतले.

फाल्गुनरावाला शोभेल असा आवाज आणि अंगकाठी एकाकडेच होती, आमच्या शिपायाकडे. घरची भाषा कानडी, पण मराठी नाटके पाहून पाहून पाठ केलेली. मी हेडक्लार्क. माझ्या वाट्याला भादव्या आला, फाल्गुनरावाचा नोकर.

तालमीत मी कमरेत वाकायचो, हात चोळायचो, आवाज बारीक करायचो. मंडळी हसत. तालीम घेणारे निवृत्त गुरुजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, “रावसाहेब, तुम्ही नोकराची नक्कल करताय. त्यामुळं ह्याचा मालक उभाच राहत नाही वो. मालक स्वतःच्या रुबाबानं मोठा होत नाही, त्याला नोकरानं मोठं करायचं असतं. त्याच्या तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा.”

“म्हणजे कसं?” मी विचारले.

गुरुजींनी मला खुर्चीत बसवले आणि शिपायाला माझ्यामागे उभे केले. तो अर्धे पाऊल मागे, जरा बाजूला उभा राहिला. वाकला नाही, हात जोडले नाहीत. मला खोकला येणार म्हणून मी नुसती बोटे हलवली, तोच पाण्याचा पेला समोर आला. क्षणभर कुणी बोलले नाही. इतरांना तो उत्तम अभिनय वाटला. मला ठाऊक होते, तो अभिनय नव्हता. अकरा वर्षे तो माझ्या हातांकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे बघितलेच नव्हते.

प्रयोग रंगला. फाल्गुनराव माझ्यावर मनसोक्त ओरडला आणि मी त्याच्या हातांवरून नजर काढली नाही. रंग पुसायच्या आधीच तो माझ्याजवळ आला. “रावसाहेब, स्टेजवर आवाज चढला. राग मानू नका.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी घंटेकडे हात नेला, तोवर फाईल टेबलावर होती. मी मान वर करून म्हटले, “बसा की.” त्याला ‘अहो’ म्हणण्याची ती माझी पहिलीच वेळ.

“नको, रावसाहेब,” तो म्हणाला आणि उभाच राहिला.

अजूनही नाटकाला गेलो की माझी नजर आधी मालकावर जात नाही. त्याच्या मागे अर्धे पाऊल सोडून कोण उभे आहे, ते मी शोधतो.