लगद्याची दुरडी

दुरडीचं वय तिच्या काठावरून ओळखावं. नवी असते तेव्हा काठाची वळी घट्ट असते, बेळं हिरवट-पिवळी असतात आणि हात फिरवला की कुस टोचते. दोन पावसाळे गेले की ती तांबूस होते, मऊ पडते, भाकरीच्या वाफेचा वास तिच्या अंगात मुरतो. आणखी काही वर्षांनी काठ सुटायला लागतो. एखादी कामटी तुटून बाहेर डोकावते, बुडाच्या विणीतून तांदळाची कणी गळते. शहरात दुरडीचं आयुष्य इथे संपतं. जुन्नर-आंबेगावच्या जुन्या वळणाच्या घरांत इथून तिचं दुसरं आयुष्य सुरू होतं, आणि मला विचाराल तर तेच तिचं खरं आयुष्य.

मी जिच्याबद्दल लिहिते आहे ती दुरडी माझ्या आत्याच्या घरी असते. घोडेगावच्या वर, डिंभ्याच्या वाटेला हे घर आहे. दुरडी मूळची आत्याची नव्हे. शेजारचं कुटुंब पुण्याला राहायला गेलं, तेव्हा जाताना त्यांनी जी अडगळ अंगणात काढून ठेवली त्यात ही होती. एका बाजूने काठ पार उसवलेला, बुडाला दोन बोटं जातील एवढं भोक. सरपणात जायची तेवढी बाकी होती. आत्याने ती उचलली, उन्हात धरून आरपार पाहिली आणि घरात आणली.

"आत्या, नवी घे की बाजारातून," मी म्हणाले.

"नवी घिऊन काय करू? हिची हाडं अजून शाबूत हायेत. नुस्तं अंग भरायचंय."

हाडं शाबूत होती याचं श्रेय बुरुडाचं. बुरूड बांबू कोयत्याने उभा चिरतो, त्याची बेळं काढतो, पाठ आणि पोट वेगळं करतो. पाठीची बेळं चिवट, ती काठाला आणि उभ्या कामट्यांना. पोटाची मऊ, ती आडव्या विणीला. म्हणून चांगल्या हाताची दुरडी आधी विणीत मरते, सांगाड्यात मरत नाही. बांबूला घूण लागली तर मात्र इलाज नाही. पिवळसर पीठ गळायला लागलं की ती दुरडी चुलीतच घालावी, नाहीतर घूण शेजारच्या सुपात शिरते. आत्या दुरडी उन्हात धरून पाहत होती ती याचसाठी.

अंग भरायचं ते कागदाने. आमच्या भागात हे काम चैत्र-वैशाखात चालतं, कारण त्याला कडकडीत ऊन लागतं. वर्षभराची रद्दी, पोरांच्या वह्या, जुनं पंचांग, साखरेच्या पुड्या असं सगळं फाडून हंड्यात भिजत घालतात. वर्तमानपत्राचा कागद सगळ्यांत लवकर विरघळतो. चकचकीत मासिकं आणि हल्लीच्या प्लास्टिक चढवलेल्या लग्नपत्रिका आठ दिवस भिजल्या तरी तशाच्या तशा, म्हणून त्या आधीच बाजूला काढायच्या. तीन-चार दिवसांनी पाणी पिळून तो कागद उखळात कुटायचा. शाईमुळे लगदा राखाडी होतो. दुसरीकडे मेथ्या रात्रभर भिजवून पाट्यावर वाटायच्या. भिजलेली मेथी बुळबुळीत होते आणि वाटली की तिचा असा चिकट गोळा होतो की वरवंटा पाट्यावरून सुटत नाही. हाच चिकटपणा कागदाचे तंतू एकमेकांना धरून ठेवतो. मेथीच्या कडूपणामुळे किडे-उंदीर दुरडीला तोंड लावत नाहीत, असं बायका सांगतात. काही घरांत मेथीच्या जोडीला चिंचोक्याची खळ घालतात.

लगदा एकदम जाड थापायचा नाही. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि मग तडकतो. आधी विणीतली भोकं बुजवायची, मग आतून पातळ हात, तो वाळला की बाहेरून. पहिला दिवस सावलीत, मग उन्हात. अर्धवट वाळलेल्या थरावर ओला तळहात फिरवून, नंतर घोडनदीतला एक गुळगुळीत गोटा घेऊन आत्या तो पृष्ठभाग घोटत बसते. हा गोटा तिच्याकडे कित्येक वर्षं आहे आणि तो कुणी खेळायला घेतला की ती रागावते.

तो गोटा पाहिला की मला जुन्नर आठवतं. शिवनेरीच्या पायथ्याचं हे गाव एकेकाळी कागदासाठी नावाजलेलं होतं. नाणेघाटाच्या वाटेने कोकणाशी जोडलेली ही जुनी बाजारपेठ. इथले कागदी, म्हणजे कागद करणारे कारागीर, जुनी गोणपाटं, दोरखंडं, चिंध्या असा टाकाऊ माल घेत, तो चुन्याच्या पाण्यात भिजवत, कुटत, वाहत्या पाण्यात धुवत. त्याचा लगदा हौदात कालवून साच्यावर उचलायचा, ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा, त्याला खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटून घोटून असा करायचा की बोरू त्यावर कुठे अडू नये. जुन्नरी कागदावर पेशवाईतली दप्तरं लिहिली गेली. पुण्यातही कसब्यात कागदीपुरा वसला. पुढे यंत्राचा स्वस्त कागद आला आणि हातकागदाचा धंदा बसला. १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी पुण्यात हातकागदाची संस्था उभी केली, तेव्हा या विद्येला पुन्हा थोडा श्वास मिळाला.

कागद्यांनी चिंध्यांचा कागद केला, आत्या कागदाचा पुन्हा लगदा करते. भिजवणं, कुटणं, खळ, घोटणं या चारही कृती त्याच आहेत. फरक एवढाच की कागद्याचा ताव सरकारदरबारी गेला आणि त्याची दखल इतिहासाने घेतली. आत्याची दुरडी चुलीजवळ राहिली. तिची दखल कुणी घेतली नाही. कोणत्या संग्रहालयात तिला जागा असेल असं मला वाटत नाही, आणि ही गोष्ट मला सलते.

आता तिचा शृंगार. अंग भरून वाळलेली दुरडी ओबडधोबड राखाडी दिसते, ओळख लागू नये अशी. मग खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून एक हात दिला जातो. पूर्वी त्यावर गेरू, हळद, काजळी एवढेच रंग असत. आता ऑइलपेंट असतो, आणि तो विकत आणलेला क्वचितच. दाराला रंग देऊन उरलेला, देवळाच्या खांबांचा उरलेला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा उरलेला. आत्याच्या दुरडीचा निळा रंग ट्रॉलीचा आहे. काठाचं उसवलेलं टोक बसवायला तिने जुन्या नऊवारीचा जरीकाठ दाभणाने सबंध कडेने शिवून घेतला. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. पण तो काठ काढला तर दुरडी उलगडेल. या घरातली सगळी सजावट अशी आहे. आधी काहीतरी तुटलेलं असतं, ते धरून ठेवण्यासाठी हात पुढे येतो, आणि हात पुढे आलाच आहे तर तो जरा देखणं करून जातो.

निळ्यावर पांढऱ्याने आत्याने हिरड्याची डहाळी काढली आहे. पानं टपोरी, मधे बाळहिरड्याचे घोस. पावसाळ्याच्या आधी इथल्या पश्चिमेच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर बायामाणसं बाळहिरडा वेचतात, वाळवतात, विकतात. कित्येक घरांचा पेरणीचा खर्च त्यावर निघतो. आत्याने आयुष्यभर हेच झाड पाहिलं, म्हणून हातून हेच उतरलं. अलीकडे शिकलेल्या मुली दुरड्यांवर वारली माणसं काढतात. ती चांगली दिसतात, पण ती डहाणू-पालघरकडची. आपल्या डोंगरातला हिरडा, तुळशीवृंदावन, चंद्र-सूर्य, कोयरी काढणारे हात आहेत तोवर ते चालू राहावेत असं मला मनापासून वाटतं.

दुरडीच्या बुडाला रंग नाही. शेवटच्या थराला आत्याने लगद्याऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे डकवले होते, ते तसेच आहेत. दुरडी पालथी घातली की बाजारभावाचा अर्धा रकाना वाचता येतो: टोमॅटो, कांदा, बटाटा. बटाटा मंचरचा, टोमॅटो नारायणगावचा, म्हणजे घरचाच मजकूर.

स्वभावाने ती कोरडी. नाचणीचं पीठ, हुलगे, कुरडया, शेवया, सुकवलेले आवळे हे सगळं ती निगुतीनं सांभाळते. बांबूच्या नुसत्या दुरडीत पीठ ठेवता येत नाही, हिच्यात येतं. दुसऱ्या आयुष्यात मिळालेला हा तिचा अधिकार आहे. पाण्याशी मात्र तिचं वैर. ओला हात लागला तरी रंगाखाली फुगवटा येतो, आणि आमच्या भागातल्या आषाढात तर भिंतीसुद्धा घामेजतात. म्हणून पावसाळाभर तिचा मुक्काम चुलीच्या वर, माळ्याच्या कडेला. तिथे धुराची ऊब मिळते. श्रावण सरला की ती खाली येते, तेव्हा तिच्या निळ्याला धुराची एक काळसर छटा चढलेली असते. दर दोन-तीन वर्षांनी चैत्रात तिला नवा पातळ हात मिळतो. त्यामुळे तिचं वजन वाढत गेलं आहे. बाकी वस्तू वापराने झिजतात, ही वापराने भरत गेली.

तिला मानही आहे. लगद्याच्या दुरड्या, परड्या, सुपं लग्नाच्या रुखवतात मांडली जातात. आत्याच्या थोरल्या मुलीच्या रुखवतात हिला मांडायचं की नाही यावर घरात वाद झाला. ती दुसऱ्याची टाकलेली आहे, असं एका पाहुणीचं म्हणणं. आत्याने ऐकलं नाही. दुरडी मांडली, तिच्यात लाडू भरले, आणि सासरच्या बायकांनी सगळ्यांत जास्त वेळ तीच हातात घेऊन पाहिली.

जगात तिचे नातेवाईक आहेत आणि ते सगळे तिच्याहून श्रीमंत. काश्मीरमध्ये कागदाच्या लगद्याचे डबे-तबकं सोन्याच्या वर्खाने रंगवतात आणि जगभर विकतात. जपानमध्ये तर जवळपास हेच काम आहे. बांबूच्या टोपलीवर हातकागदाचे थर डकवायचे आणि वर एका कच्च्या फळाचा तुरट रस किंवा रोगण चढवायचं. त्याला ते इक्कानबारी म्हणतात. लोक ते शिकायला जातात, त्याची पुस्तकं निघतात. आपल्याकडे हीच कला येणाऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणते, "त्यात काय, समद्यांनाच येतंय." आता ते खरं राहिलेलं नाही. समद्यांना येत नाही.

कारण दुरडीच्या जागी प्लास्टिक आलं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो प्लास्टिकच्या क्रेटमध्ये येतो, त्यावर माझी तक्रार नाही. रोज गाड्या भरून माल हलवायचा तर क्रेटच हवं. घरातही बोहारीण जुन्या कपड्यांवर प्लास्टिकचा टब देऊन जाते. टब पाण्याला भीत नाही, हे मान्य. पण टब फुटला की फुटला. त्याला दुसरं अंग भरता येत नाही, तो जाळला तर विषारी धूर आणि टाकला तर ओढ्यात. बुरुडाच्या दुरडीची मागणी कमी झाली तसे बुरुडाचे हातही कमी झाले, आणि सांगाडाच मिळाला नाही तर लगदा लावायचा कशावर? काही बायका आता पातेलं पालथं घालून त्याच्यावर लगद्याची टोपली उतरवतात. तीही छान होते. पण आत बांबू नसला की पाच वर्षांत बसते.

कुणाला करून पाहायची असेल तर दोन गोष्टी आवर्जून सांगते, कारण जिव्हाळ्याच्या भरात त्या विसरल्या जातात. छपाईच्या शाईचा अन्नाशी थेट संबंध नको. २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं बजावलं ते याचसाठी. म्हणून भाकरी ठेवायची तर आत स्वच्छ फडकं घालावं, आणि गरम, तेलकट, ओलं काही सरळ ठेवू नये. पीठ आणि डाळीही फडक्यात किंवा पिशवीत. दुसरं, रंग फक्त बाहेरून. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमवर आली. माळ्यावरचा त्याआधीचा उरलेला डबा कितीही चांगला दिसला तरी दुरडीला लावू नये. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने एक जुना लाल डबा मुकाट्याने बाजूला ठेवला आणि पुढच्या दुरडीला गेरू काढला. गेरूची ती दुरडी निळीपेक्षा सुरेख झाली आहे.

यंदाच्या चैत्रात रद्दीवाल्याला सगळी रद्दी देऊन टाकू नका. घरात माळ्यावर एखादी उसवलेली दुरडी असेल, ती उन्हात धरून पाहा. घूण नसेल तर ठेवा. नसलीच घरात, तर जुन्नर, मंचर, घोडेगाव कुठल्याही बाजारात बुरूड बसलेला दिसला तर त्याच्याकडून एक नवी घ्या आणि भाव करू नका. मग आपल्या आत्या, मावशी, आजी, ज्या कुणाला लगदा लावता येतो तिच्यापुढे ती ठेवा आणि शेजारी बसून शिकून घ्या. मेथ्या रात्रीच भिजत घालायच्या असतात.