वाटूर फाट्यावरची शिदोरी

जालन्याहून मंठ्याच्या एस.टी.त कधी बसलात, तर वाटेत आमचा वाटूर फाटा लागतो. सरळ गेलात तर मंठा, वळलात तर परतूर. इथं पाहण्यासारखं काय आहे म्हणाल, तर खरं सांगायचं म्हणजे काही नाही! चहाची हॉटेलं, भज्यांची कढई, पंक्चरचं दुकान, हंगामात कापसाच्या गाड्या आणि मोसंबीचे ढीग. देवदर्शनाला यायचं तर जिल्ह्यात अंबडची मत्स्योदरी आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव जांबसमर्थ आहे. वाटूरला सहलीला कुणी येत नाही. पण आमच्या बायका फाट्यावर माणसाला निरोप कसा देतात, तेवढं मात्र पाहून जावं.

मी इथली सून. बी.ए. झाले आणि लग्न होऊन इथं आले. घर सांभाळून एका शाळेत अर्धा वेळ शिकवते. शाळेला जाता-येता रोज फाटा ओलांडावा लागतो, त्यामुळे कोण कुठं निघालंय हे मला घरच्यांच्या आधी कळतं. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी, भरतीला निघालेली पोरं, दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं, सगळी याच फाट्यावरून जातात.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारची मुलगी नर्सिंग शिकायला छत्रपती संभाजीनगरला निघाली. लग्नाआधी गाव सोडणारी त्या घरातली ती पहिलीच. सकाळी तिची आई ताट घेऊन फाट्यावर हजर. म्हणाली, "लग्नात पाठवणी करूच की. पर ही बी पाठवणीच हाय ना, माय?" तिला ओटी भरायची होती. कुमारिकेची ओटी भरत नाहीत, असं एका आजीनं लगेच काढलं. मग ओटी न म्हणता 'शिदोरी' म्हटलं आणि वाद मिटला! पोरीच्या ओढणीत काय घातलं म्हणता? मूठभर ज्वारी, एक हळकुंड, गुळाचा खडा आणि वसतिगृहातल्या पेटीसाठी नवं कोरं कुलूप. कुलपाला किल्ल्या दोन. एक मुलीला दिली, दुसरी आईनं आपल्या पदराच्या टोकाला बांधली. कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, लग्न हाय का काय?" बाई काही बोलली नाही. गाडी परतूरला न वळता जालन्याच्या रस्त्याला लागेपर्यंत उभी होती.

आता तुम्ही म्हणाल, असं मनानं ठरवून कुठं विधी होतात का? अहो, आपण ज्याला हॉलमध्ये 'श्रीमंतीपूजन' म्हणतो ते मुळात सीमांतपूजन. वऱ्हाड गावाच्या शिवेवर यायचं आणि मुलीकडचे तिथं जाऊन वराची पूजा करायचे. शीव ओलांडणं म्हणजे आयुष्य बदलणं, म्हणून पूजा तिथंच. आज पोरी शीव ओलांडतात ती एस.टी.नं, मग पूजा फाट्यावर आली तर नवल कसलं? (आमचा परतूर तालुकाच १ मे १९८१ ला परभणी जिल्ह्यातून निघून नव्या जालना जिल्ह्यात आला. त्या वेळी जिल्ह्याची एवढी मोठी शीव हलली, पण कुणी नारळ फोडल्याचं आमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात कधी आलं नाही!)

शिवाय बायकांनी विधी मनानं करायचे हे काही आजचं नाही. शास्त्रात सोळा संस्कार; त्यातली मुंज मुलाची. विवाह हाच स्त्रियांचा उपनयनसंस्कार असं मनुस्मृती सांगते, म्हणजे आमचं सगळं एकाच दिवसात उरकलं. पण बाईच्या अंगात आणि घरात तर सारखं काही ना काही बदलत असतं. मग तिसऱ्या महिन्यात गुपचूप चोरचोळी, पुढं डोहाळजेवण, बाळाच्या पाचवीला सटवाईसमोर कोरा कागद आणि लेखणी, पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण. यातलं बहुतेक सगळं भटजीवाचून, बायकाबायकांत चालतं. पुरुषमाणसाला तर बोरन्हाणातली बोरं कुठून येतात हेही ठाऊक नसतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तर १८७३ साली, सत्यशोधक समाज निघाला त्याच वर्षी, भटजीशिवाय अख्खं लग्न लावून दाखवलं आणि वधूवरांनी एकमेकांना शब्द दिला. बदल आपला असेल तर तो कसा साजरा करायचा हे थोडं आपणही ठरवावं, असं मला वाटतं.

सुखाच्या बदलात हे सोपं असतं. दुःखाच्या वेळी कसं जमतं, ते आमच्याच घरात पाहिलं.

माझे सासरे २०२३ च्या पावसाळ्यात गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ४ मे २०२२ ला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला होता, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात इतर गावांनीही असं करावं, असं राज्य सरकारनं परिपत्रक काढलं. ती बातमी मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, वाचून दाखवली होती. तेव्हा त्या नुसत्या "हं" म्हणाल्या होत्या.

दहाव्याच्या आदल्या रात्री भावकीतल्या दोघी-तिघी आल्या. उद्या कोण बांगड्या फोडणार, याची बोलणी सुरू झाली. आत्याबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. एकदम म्हणाल्या, "फोडायच्या कामून? माझ्या मी घातल्या, माझ्या मी काढीन." मला साबणाचं पाणी आणायला सांगितलं. हात पाण्यात बुडवून त्यांनी एकेक बांगडी उतरवली. डाव्या हातातल्या दोन घट्ट होत्या, त्यांना खूप वेळ लागला. मी मनगट धरून बसले होते. आलेल्या बायका एक शब्द बोलल्या नाहीत. उलट त्यांतलीच एक पुढं होऊन पाणी बदलून घेऊन आली. सगळ्या बांगड्या आत्याबाईंनी पुसून स्टीलच्या डब्यात ठेवल्या. तो डबा अजून फळीवर आहे.

कुंकू त्यांनी सोडलं, जोडवी ठेवली. कुंकूही ठेवावं असं मला फार वाटत होतं. पण नवरा त्यांचा गेला होता, आणि काय ठेवायचं काय सोडायचं हेही त्यांचंच. वर्षश्राद्ध झाल्यावर स्वतःच परतूरच्या बाजाराला गेल्या आणि कासाराकडून चॉकलेटी रंगाच्या चार-चार बांगड्या भरून आल्या. घरी आल्या त्या हात पदराखाली झाकून! नात हात ओढून "दाखव, दाखव" करायला लागली तेव्हा कुठं बाहेर काढले.

पुढच्या संक्रांतीला आम्ही घरी बायकांना बोलावलं. हळदीकुंकू म्हटलं की विधवा उंबऱ्याबाहेर राहतात, म्हणून नुसतं तिळगुळाचं बोलावणं केलं. सगळ्यांना सारखं फूल, सारखं वाण, आणि वाण आत्याबाईंच्या हातून. दोघी जणी वाण न घेताच उठून गेल्या. त्यांतली एक यंदा आली. दुसरी रस्त्यात भेटली तर बोलते, पण घरी येत नाही. येईल तेव्हा येईल.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते: नवा विधी म्हणजे नवा खर्च नव्हे. डोहाळजेवणाचं आता काय झालंय ते तुम्ही पाहताच. झोपाळा भाड्यानं, फुलं भाड्यानं, फोटोवाला वेगळा, आणि माहेरच्यांच्या डोक्यावर कर्ज. मूळ गोष्ट काय, तर गरोदर बाईला तिच्या आवडीचं खाऊ घालणं. त्यासाठी चार शेजारणी आणि एक पाटी सामान पुरतं. ज्या विधीला उधार काढावं लागतं तो शेजारणीला करता येत नाही, आणि न करता आल्याचं तिच्या मनाला लागून राहतं.

सध्या आमच्या गल्लीत निराळीच चर्चा चालू आहे. अंगणवाडीच्या बाई निवृत्त होताहेत. गल्लीतलं प्रत्येक पोर त्यांच्या काट्यात लोंबकळून ओरडलेलं आहे. त्यांची गूळतुला करावी, असं एकीनं सुचवलं. बाईंचं वजन आणि गुळाचा भाव यांचा हिशेब मांडल्यावर सगळ्या गप्प झाल्या. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, बाईंच्या भाराचा कशाला, त्यांनी तोललेल्या सगळ्यात हलक्या लेकराच्या भाराचा घ्या. ते लेकरू कोणतं, हे कुणाला विचारावं लागलं नाही. आठव्या महिन्यात झालेली पोर, एक किलो सहाशे ग्रॅम. बाई तिच्यासाठी रोज घरी यायच्या, आईला पोर छातीशी धरून बसायला लावायच्या. ती पोर आता माझ्या सातवीच्या वर्गात आहे, आणि गूळ तीच काट्यात ठेवणार आहे.